विंचूकाटा कोणत्या हाताला

इंदुमती ठोंबरे. माझ्या हातून जे काही नीट काम झालं त्याच्या मुळाशी हे नाव आहे, म्हणून ते आधी लिहितो. मळवलीजवळच्या आमच्या हायस्कुलात त्या चित्रकला शिकवायच्या. त्यांचं मूळ गाव पवना धरणाच्या पाण्यात गेलं होतं, त्यामुळे आम्ही मुलं त्यांना ‘धरणातल्या बाई’ म्हणायचो. त्यात चेष्टा नव्हती आणि विचारही नव्हता. भूगोलाचे जसे ‘सायकलवाले सर’, तशा या ‘धरणातल्या बाई’.

माझे वडील एका मुंबईकर शेठच्या बंगल्यावर रखवालदार होते. आई भातलावणीला जायची. आमच्या बौद्ध वस्तीत तोवर कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. मला पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात पाठवा, हे सांगायला बाई बंगल्याच्या फाटकापर्यंत चालत आल्या. शेठच्या परवानगीशिवाय आत कुणाला घ्यायचं नाही, हा वडिलांचा नियम. त्यामुळे बाई बाहेर उभ्या, वडील आत उभे, आणि फाटकाच्या गजांमधून माझं शिक्षण ठरलं. पुढे मी पदवीधर झालो तेव्हा वडील पाहुण्यांना सांगायचे, “पोरगा बोर्ड रंगवतो. पण शिकून रंगवतो.”

बोर्ड नव्हे, मी पोस्टर काढायचो. पर्यटनाची पोस्टरं. लोणावळ्याची हॉटेलं, सहलीच्या बस काढणारे लोक, कधीमधी एखादं सरकारी खातं, अशी गिऱ्हाइकं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोस्टर कुणी उभं राहून वाचत नाही. माणूस तिकिटाच्या रांगेतून पुढे सरकत असतो, हातात पिशवी असते, पोर रडत असतं. त्याची नजर भिंतीवरून जाते तेवढ्यात त्याला ‘इथे जावं’ असं वाटलं पाहिजे. त्यासाठी चित्रातून काढून टाकायचं असतं. पानं काढायची, दगड काढायचे, तारांचे खांब काढायचे. उरतात ते त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. त्या काळी स्क्रीन प्रिंटिंगवर छपाई व्हायची. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई दाबून उतरवायची आणि प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. रंग वाढला की खर्च वाढला, म्हणून चार रंगांत डोंगर, आभाळ, पाणी आणि अक्षरं बसवायला शिकावं लागतं. सपाट रंग आणि स्वच्छ कडा यांना पर्याय नव्हता. लोक नंतर त्याला माझी शैली म्हणू लागले.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मात्र मी बाईंकडून शिकलो. त्या आम्हाला शाळेच्या मागच्या बांधावर उभं करायच्या आणि म्हणायच्या, “डोळे किलकिले करा. पापण्यांतून जेवढं दिसतंय तेवढंच काढा.” डोळे किलकिले केले की झाडं विरघळतात, गुरं दिसेनाशी होतात, डोंगर राहतो. आमच्या मावळात डोंगर त्रिकोणी नसतो हे मला तिथे कळलं. कागदावर डोंगर म्हटला की मुलं त्रिकोण काढतात. आमचे डोंगर वरून सपाट, भूमितीच्या पुस्तकातल्या समलंब चौकोनासारखे. तुंगसारखा एखादाच टोकदार. विसापूर म्हणजे आडवी ठेवलेली लांब पेटी. आणि लोहगड म्हणजे समलंब चौकोन, त्याच्या एका बाजूने निघालेली अरुंद लांब पट्टी. ती पट्टी म्हणजे विंचूकाटा, गडाची सोंड. आमच्या मळवलीतून पाहिलं तर ती उजव्या हाताला. डोळे बांधून विचारलं तरी मी सांगेन.

गिऱ्हाइकांचे दोन मासले सांगतो. लोणावळ्यातले एक हॉटेलवाले शेठ होते. त्यांना मी कार्ल्याच्या लेण्याचं पोस्टर नेऊन दाखवलं. एक मोठी कमान, आत काळोखाचं अर्धवर्तुळ, पायथ्याशी उन्हाची पिवळी पट्टी. माझ्या आवडत्या कामांपैकी ते एक. शेठ बराच वेळ बघत राहिले.

“चांगलंय. पण तुम्ही अंधार विकताय,” ते म्हणाले. “डोंगर दाखवा. आणि वर थोडा बर्फ टाका.”

“शेठ, लोणावळ्यात बर्फ पडत नाही.”

“मला माहितीये. मी राहतो इथं. पोस्टरवर पडायला काय जातंय?”

मी डोंगरमाथ्यावर एक पांढरा त्रिकोण ठेवला. त्यांना मी तो बर्फ आहे असं सांगितलं नाही आणि ढग आहे असंही सांगितलं नाही. पोस्टर छापलं गेलं.

दुसरे एक बसवाले. त्यांची तक्रार वेगळी होती. “तुमच्या चित्रात माणूस कुठंय? ओसाड गावाला सहल कोण काढील?” मग मी माणसं केली. डोक्याला वर्तुळ, धडाला चौकोन, बाईला खाली त्रिकोण, आणि त्यांना तळ्याकाठी उभं केलं. पोस्टर एस.टी. स्टँडवर लागलं तेव्हा एका आजीबाईंनी मुतारी त्याच बाजूला आहे असं समजून पोस्टरच्या रोखाने चालायला सुरुवात केली. त्यानंतर मी पोस्टरात माणूस काढला नाही. बायको म्हणायची, “तुमच्या सगळ्या गावांतली माणसं जेवायला गेलेली असतात.” तिचं नाव मंगल. प्रत्येक पोस्टर आधी ती स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसत, लांबूनच बघायची. तिथून तिला कळलं तर ते रांगेतल्या माणसाला कळणार, असा आमचा हिशेब होता.

मग फोटो आले, फ्लेक्स आले. वाढदिवसाचे फ्लेक्स आणि धबधब्याचे फोटो यांच्यापुढे चार रंगांचा समलंब चौकोन कोण बघणार. मी लग्नपत्रिका केल्या, शाळांचे अहवाल केले. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. मंगल गेली. तळेगावच्या सोसायटीत मी एकटा राहतो. खिडकीतून समोरची इमारत दिसते, तिच्या पलीकडे आणखी एक इमारत. डोळे किलकिले केले तर नुसते चौकोन. काम नसलं तरी सकाळी टेबलाशी बसायचो. पेन्सिलींना टोक करायचो, परत ठेवायचो. आयुष्यभर मी मोठ्या अक्षरांत ‘या’ असं लिहीत आलो होतो, आणि माझ्या दारावरची बेल फक्त पार्सल देणारा मुलगा वाजवायचा. तोही बहुधा चुकून शेजारच्यांऐवजी.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी फोन आला. पवनेच्या जलाशयाकाठी नवं हॉटेल झालं होतं, तिथली व्यवस्थापक सायली. वयाने माझ्या मुलीएवढी.

“काका, लोणावळ्यात एका जुन्या हॉटेलच्या जिन्यात तुमचं पोस्टर पाहिलं. ती त्रिकोण-चौकोनांची स्टाइल. अजून करता का?”

“करतो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नवा वाटला. दोन दिवसांत बहुधा मी कुणाशी बोललेलो नव्हतो.

स्वागतकक्षाच्या भिंतीसाठी एक मोठं पोस्टर हवं होतं, समोर तळं आणि मागे लोहगड. मालकांना पसंत पडलं तर मावळातल्या गडांची मालिका करायची. मालिका म्हणजे वर्षभराचं काम. सकाळी टेबलाशी बसायला कारण. मला दुसरं काही नको होतं, पण हे फार हवं होतं.

गड बघायला जायची गरज वाटली नाही. मी हातानेच काढला. जांभळा समलंब चौकोन, विंचूकाट्याची पट्टी, शेजारी विसापूरची पेटी, वर केशरी वर्तुळ, खाली निळा पट्टा. मंगल ज्या दारात उभी राहायची तिथे मी स्वतः जाऊन उभा राहिलो आणि लांबून पाहिलं. बरं दिसत होतं. नमुना छापून घेतला, चौकटीत बसवला आणि हॉटेलवर नेला.

भिंतीवर तो लावला तेव्हा सायली खूश होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हौसामावशी आल्या. हॉटेलात भाकरी करायच्या. सत्तरीला टेकलेल्या, काठावरच्याच गावच्या. पदराला हात पुसत त्यांनी पाहिलं.

“आवं भाऊ, ह्यो गड उलटा टांगलाय की. काच फिरवून बसवली का काय?”

“मावशी, बरोबर आहे. मी मळवलीचा. जन्मापासून बघतोय.”

“मंग मळवलीत टांगा. हितं तसा न्हाई दिसत.” त्यांनी हाताला धरून मला व्हरांड्यात नेलं. “बघा. सोंड कोणच्या अंगाला हाय?”

मी पाहिलं. पाण्यापलीकडे लोहगड उभा होता आणि विंचूकाटा डाव्या हाताला होता. विसापूर उजवीकडे. माझा सगळा गड आरशातल्यासारखा फिरलेला. मी साठी ओलांडली, डोंगराच्या पलीकडे मळवलीत लहानाचा मोठा झालो, पण या बाजूने गडाकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. लहानपणी आम्हाला वाटायचं, गड आपल्याकडे तोंड करून आहे. पलीकडे काय असणार, पाठ.

“ही पाठ आहे गडाची,” मी उगीच म्हणालो.

“पाट? पायऱ्या कुनीकडनं हायेत?”

पायऱ्या त्यांच्या अंगाने आहेत.

“घरात माणूस पायरीनं शिरतंय, का भितीवरनं उडी मारून?” मावशी म्हणाल्या. “तुमी मळवलीवालं लय वर्सं मागल्या परसातनं गड बघताय, भाऊ.”

स्वयंपाकघरातल्या बाया दारात येऊन हसत होत्या. सायली हसत नव्हती. मालक आठवड्याअखेरीला येणार होते आणि तळ्याकाठच्या हॉटेलात तळ्यावरून न दिसणारा गड टांगलेला होता. ती मला सरळ काही बोलली नाही, ही तिची सज्जनता. फक्त म्हणाली, “काका, कॉम्प्युटरवर फ्लिप करून चालेल का?”

नुसतं उलटं करून चाललं नसतं. प्रत्येक बाजूचा उतार वेगळा असतो, कडा वेगळ्या. आरशातला माणूस ओळखू येतो, पण त्याचा भांग चुकीच्या बाजूला असतो. मी तिथेच राहतो आणि नवीन काढतो, असं म्हणालो. तिने मला काठावरची एक खोली दिली.

काम सोपं वाटत होतं, ते होईना. पाण्याजवळ खुर्ची टाकून बसायचो, समोर बघायचो आणि पेन्सिल कागदाला लागली की सोंड उजवीकडे जायची. इतक्या वर्षांचा हात ऐकेना. खोडायचो, पुन्हा काढायचो. हॉटेलात जोडपी होती, मित्रांचे घोळके होते, सगळे फोटो काढत होते. त्यांच्यामध्ये एक म्हातारा रबर घेऊन डोंगराशी भांडत बसलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे किलकिले केले. गड ठेवला, बाकी सगळं जाऊ दिलं. हाताला मुद्दाम डावीकडे ओढलं आणि पट्टी बसली. कागदाकडे पाहिलं तेव्हा जाणवलं की ही आकृती मी आधी पाहिलेली आहे. फळ्यावर, खडूने काढलेली.

आठवीचा पहिला तास. ठोंबरे बाईंनी फळ्यावर लोहगड काढला होता आणि विंचूकाटा डावीकडे होता. वर्ग हसला. “बाई, गड उलटा,” असं आम्ही ओरडलो. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, म्हणाल्या, “हो की,” आणि फडक्याने पुसून उजवीकडे काढला. पुढच्या वर्षी शेजारच्या वर्गातूनही तसाच हशा ऐकू आला. कॉलेजात असताना मी एकदा शाळेत भेटायला गेलो होतो, तेव्हाही फळ्यावर पुसल्याची पांढरट खूण डावीकडे होती आणि गड उजवीकडे. शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे, बाई चांगल्या आहेत पण विसराळू आहेत. मीही तसंच समजत आलो.

मी कागद तसाच हातात घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेलो. मावशी पीठ मळत होत्या.

“मावशी, ठोंबरे माहीत आहेत का? पाण्यात गेलेल्या गावातले. त्यांची मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची.”

“इंदू? इंदूआक्का?” त्यांचे हात थांबले. “तिच्या दारात खेळल्येय मी. कोळशानं भितीवर गड काढायची आन् आईचा मार खायची. दाराम्होरंच गड व्हता त्यांच्या. उंबऱ्यावर बसलं की असा.” त्यांनी पिठाचं बोट माझ्या कागदाकडे केलं. “अस्साच.”

“घर कुठे होतं?”

त्या उठून बाहेर आल्या. हनुवटीने पाणी दाखवलं. “त्यो वड दिसतोय? तितनं सरळ आत. चार-दोन बोटी उभ्या हायेत ना, त्याच्या खाली म्हना. उन्हाळ्यात पानी उतरलं तरी तेवढं न्हाई उतरत.” मग विचारलं, “ती कुटं असती आता?”

“नाशिकला. मुलीकडे.”

“गड दिसतो का तितनं?”

“नाही.”

“मंग कशाला ऱ्हाती,” मावशी म्हणाल्या आणि पीठ वाळतंय म्हणून आत गेल्या.

मी खूप वेळ काठावर बसून होतो. बाई निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक जूनमध्ये, नव्या मुलांपुढे आधी आपल्या दारातला गड काढत होत्या आणि मग आमचा. त्यांना चूक दाखवणारी मुलं दरवर्षी नवीन असायची. आपण कुठून बघतो हे त्यांनी आम्हाला एकदाही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, आणि त्यांना नाव तर ‘धरणातल्या बाई’ असं ठेवलेलं. मला स्वतःला बेलची वाट बघत बसायची सवय झाली होती, म्हणून असेल, पण पुसल्यावर फळ्यावर राहणाऱ्या त्या पांढरट खुणेचा एकटेपणा मला त्या दुपारी कळला.

पोस्टर मी त्याच आठवड्यात पूर्ण केलं. या वेळी छपाई जुन्या पद्धतीनेच करायची असं सायलीला सांगितलं, आणि पाण्याला थोडी चमक द्यायला एक चौकट जास्त लागेल म्हणालो. ती हो म्हणाली. त्या शेवटच्या चौकटीतून शाई काढली नाही, बिनरंगाचं वार्निश काढलं. निळ्या पट्ट्यावर छोटे छोटे चौकोन, वर उतरतं छप्पर. समोरून बघितलं तर नुसतं निळं पाणी. बाजूने, उजेड तिरपा पडला की चौकोन चमकतात.

मालक आले, त्यांनी पाहिलं, “क्लासी आहे,” म्हणाले आणि चहा मागवला. मालिकेचं काम मिळालं. आता प्रत्येक गड मी दोन्ही बाजूंनी बघून येतो. मिळेल त्या गाडीने जातो, डबा बरोबर नेतो, आणि एकटाच जातो. तिकोन्याचं चित्र तेवढं चालू आहे. ज्याच्या नावातच आकार आहे तो गड सोपा जाईल असं वाटलं होतं, पण तोच सगळ्यात छळतो आहे.

पोस्टर भिंतीवर लागल्यावर मावशी चौकट पुसायला आल्या. फडकं फिरवता फिरवता थांबल्या, एका बाजूला सरकल्या, पुन्हा पाहिलं.

“भाऊ, पान्यात घरं हायेत.”

“आहेत.”

“बाकी कुनाला म्हाईत हाय?”

“नाही.”

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि काच पुसून आत गेल्या.

एक प्रत मी पुठ्ठ्याच्या नळीत घातली. तिच्याबरोबर पाठवलेलं पत्र असं होतं.

*आदरणीय बाईंस,*

*सप्रेम नमस्कार. मी मळवलीचा तुमचा विद्यार्थी. तुम्ही ज्याच्यासाठी बंगल्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिलात तो. तुमचा पत्ता शाळेतून मिळवला. फार उशिरा पत्र लिहितो आहे.*

*सोबत एक पोस्टर आहे. खोलीत खिडकीजवळ लावायला सांगा, समोरच्या भिंतीवर नको, बाजूच्या भिंतीवर. उजेड तिरपा आला की खालच्या निळ्या रंगात काही चौकोन दिसतील. हौसामावशींनी वडाच्या रेषेत हनुवटीने दाखवलं तिथे एका चौकोनाचं दार मी उघडं ठेवलं आहे. गडाकडे तोंड करून. जागा थोडी इकडेतिकडे असेल तर तुम्ही सांगा. हौसामावशी तुम्हाला इंदूआक्का म्हणतात आणि तुम्ही भिंतीवर कोळशाने काढायचात ते त्यांना आठवतं.*

*बाई, मी तुमच्या गावाच्या काठावर बसून डोळे किलकिले केले. तुम्ही शिकवलं तेवढंच ठेवलं, बाकी काढून टाकलं. विंचूकाटा डाव्या हाताला आला आहे.*

*घरातली मुलं उलटा म्हणाली तरी या वेळी पुसू नका.*

*तुमचा विद्यार्थी*